फक्त सांगायचं नाही

परराष्ट्र खात्याच्या चौथ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या अरुंद खोलीत पाणीवाल्या बाई बसायच्या. हे नाव त्यांना शिपायांनी दिलं होतं आणि ते असं चिकटलं की खुद्द संचालकही त्यांना त्याच नावाने हाक मारत. शिक्षण जलविज्ञानाचं आणि नेमणूक मुत्सद्द्यांत, त्यामुळे बाई धड इकडच्या नव्हत्या, धड तिकडच्या नव्हत्या. जुने सहकारी म्हणत की ही आता साहेब झाली, आणि इथले साहेब त्यांच्याकडे नळदुरुस्तीला आलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत.

सकाळी कचेरी उघडली की त्यांचं पहिलं काम फोनचं. आपल्या डोंगरात उगम पावणारी नदी आपल्याच धरणात अडते, तिथून सकाळी सुटली की सीमा ओलांडते आणि दिवस मावळायच्या आत शेजारच्या देशातल्या सखल शहरात पोचते. धरणात पाणी किती, वरून येतंय किती, दरवाजे किती उघडणार, हे पलीकडच्या जलखात्याला रोज कळवायचं, असा जुना करार होता. पलीकडे फोन उचलायचे ते निवृत्तीला टेकलेले एक अभियंते. बाई त्यांना काका म्हणायच्या. दोन्हीकडची भाषा एकच, फरक होता तो हेलाचा. बाईंनी आकडा सांगायचा, काकांनी तो परत म्हणून दाखवायचा. एक जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून, शाळेतल्या पाढ्यांसारखं. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पण काकांचं सुनेशी पटत नाही आणि बाईंच्या आईचा गुडघा धरतो, एवढं दोन्ही सरकारांच्या खर्चाने एकमेकांना ठाऊक झालं होतं.

त्या वर्षी डोंगरावरचं बर्फ वितळायला लागण्याच्या थोडं आधी शेजाऱ्यांनी घाट बंद केला. सीमेवरच्या एका टेकडीवर चौकी कुणाची, यावरून जुनंच भांडण नव्याने पेटलं होतं. घाटातून आपला माल त्यांच्या बंदरात जायचा, तो जागच्या जागी थांबला. त्या रांगेत बाईंच्या थोरल्या भावाचे दोन ट्रक होते.

दादा रोज संध्याकाळी यायचा, आईच्या खाटेवर पाय हलवत बसायचा आणि बहिणीला टोमणे मारायचा. ट्रकमधली फळं सडली, ड्रायव्हर फोन उचलेनासे झाले, हप्त्यांसाठी बँकेचा माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला, हे सगळं त्याने सांगून झालं होतं. "चिमे," तो म्हणाला, "तुमच्या त्या एवढ्या मोठ्या इमारतीत एकाला तरी कणा आहे का? की सगळी गांडुळंच आहेत?" आई म्हणाली की तिला कशाला बोलतोस, ती पाणी मोजते. दादा म्हणाला, "मग पाण्यातच बुडवा म्हणावं त्यांना." तो रागात बोलला होता. दोन मिनिटांनी तो आईच्या गुडघ्याला तेल चोळत बसला होता. बाईंनी ते मनावर घेतलं नाही.

आठवड्याभरात हेच वाक्य त्यांना जरा चांगल्या भाषेत, लंबवर्तुळाकार टेबलाच्या टोकाकडून ऐकू आलं.

बैठक मंत्र्यांच्या दालनाशेजारच्या खोलीत होती. पडदे ओढलेले, वातानुकूलन इतकं थंड की विधी सल्लागार मफलर गुंडाळून बसले होते. मंत्री हसतमुख माणूस. ते कधी आवाज चढवत नसत. चढवायची वेळ येऊ नये अशीच माणसं त्यांनी भोवती ठेवली होती. त्यांची कल्पना साधी होती. शेजाऱ्यांनी घाट बंद केला, तर आपण माहिती बंद करायची. पाणी अडवायचं नाही, कारण ते करारात बसत नाही. मुद्दाम सोडायचं नाही, कारण ते युद्ध झालं. धरण भरलं की दरवाजे उघडावे लागतात, ते नेहमीसारखे उघडतील. "आपण काहीच करणार नाही आहोत," मंत्री म्हणाले. "फक्त सांगायचं नाही."

करारात माहिती 'कळवावी' असं आहे, 'कधी' ते नाही, असा शोध विधी सल्लागारांनी लावला होता. म्हणजे पूर येऊन गेला की आठवड्याने टपालाने आकडे पाठवले तरी करार पाळला गेला. वरातीमागून घोडं का होईना, घोडं गेलं ना, असं कुणीतरी म्हणालं आणि टेबलाभोवती बारीकसं हसू फिरलं.

मग मंत्र्यांनी बाईंना विचारलं की समजा सूचना मिळाली नाही, तर पलीकडे काय होईल.

बाईंनी या क्षणासाठी रात्रंदिवस तयारी केली होती. त्यांचा समज असा, की आकडा समोर ठेवला की माणसं थांबतात. प्रयोगशाळेत त्यांनी तसंच पाहिलं होतं: अंदाज चुकीचा ठरला की लोक निमूटपणे फळा पुसतात. त्यांनी नकाशा लावला. सखल शहराच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणात, वीटभट्ट्या. भट्टीवरची माणसं भट्टीशेजारीच झोपड्या बांधून राहतात, कारण आग रात्रीही सांभाळावी लागते. बांध आहे तो नावाला. सूचना असली तर ही माणसं दोन-तीन तासांत वर चढतात, दर वर्षी चढतात. सूचना नसली तर पाणी झोपेतच गाठेल. मोठा पूर आला तर चाळीस ते तीनशे माणसं.

"म्हणजे चाळीस," मंत्री म्हणाले.

"चाळीस ते तीनशे."

"पण चाळीसही असू शकतात."

"असू शकतात."

"त्याहून कमी?"

इथे दुसरा कुणीही 'नाही' म्हणाला असता. संचालक म्हणाले असते, विधी सल्लागार म्हणाले असते, दादा तर टेबलावर मूठ आपटून म्हणाला असता. पण बाई ज्या शाळेत शिकल्या होत्या तिथे एखादी गोष्ट फार थोडी शक्य असली, तर ती अशक्य म्हणणं हे खोटं बोलणं होतं. त्या म्हणाल्या की कमीही असू शकतात, शक्यता अगदी थोडी.

"शून्य?"

"गणितात शून्य बसतं," बाई म्हणाल्या, "पण साहेब, ते..."

"शून्य बसतं," मंत्री टेबलाकडे वळून म्हणाले, जणू त्यांना हवी असलेली खुर्ची एकदाची सापडली होती. संचालकांनी मान खाली घालून लिहून घेतलं.

हुकूम निघाला. रोजचा फोन मात्र बंद झाला नाही, कारण तार खात्याचा वेगळा नियम होता: लाइन चालू आहे की नाही हे दररोज तपासायचं. तेव्हा बाईंनी फोन करायचा, काकांनी उचलायचा, दोघांनी 'ऐकू येतंय' म्हणायचं आणि ठेवायचं. नदीचा एक शब्द काढायचा नाही. पहिल्या दिवशी काका आकड्यांसाठी पेन्सिल घेऊन थांबले होते, हे त्यांच्या श्वासावरून कळत होतं. बाईंनी सांगितलं की वरून बंदी आहे. पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग काकांनी विचारलं, "आईचा गुडघा कसा आहे?"

काही दिवस बर्फ हळूहळू उतरलं. मग एकाएकी ऊन तापलं, त्यावर दोन दिवस डोंगरात पाऊस पडला आणि धरण काठोकाठ झालं. धरणावरून निरोप आला की दुपारनंतर सगळे दरवाजे उघडणार. बाईंनी आपल्या बाजूच्या गावांना इशारा पाठवला, ते त्यांचंच काम होतं. गणित पुन्हा मांडलं. पाणी वीटभट्ट्यांवर अंधार पडल्यावर पोचणार होतं.

लाइन तपासायची वेळ झाली. बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं, मग त्यांना वाटलं की लावलेलं दार जास्त संशयास्पद, म्हणून पुन्हा उघडलं. फोन लागला.

"ऐकू येतंय?" काकांनी विचारलं.

"ऐकू येतंय. काका, आज भट्ट्या रिकाम्या करा."

काकांनी ते परत म्हणून दाखवलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. फोन ठेवल्याचा आवाज आला. कायद्यात याला परकीयांना गुप्त माहिती पुरवणं म्हणतात.

काकांनी काय केलं ते बाईंना नंतर कळलं. त्यांनी शहराच्या आपत्ती विभागाला सांगितलं की आज भट्ट्यांवर पुराची रंगीत तालीम घ्यायची आहे. लोक कुरकुरले, मुकादमांनी शिव्या घातल्या, पण तालीम म्हणजे हजेरी मांडली जाणार, म्हणून सगळे पोराबाळांसकट वरच्या शाळेत जाऊन बसले. तालीम संपवायला काका विसरले. अंधार पडल्यावर पाणी आलं आणि झोपड्या, विटांच्या राशी, बांध, सगळं घेऊन गेलं. माणूस एकही गेला नाही.

हे कळलं त्या दिवशी बाईंनी घरी जाऊन पोटभर जेवण केलं. आई म्हणाली, आज चेहरा उजळलाय, पगारवाढ झाली की काय.

पुढच्या बैठकीत मंत्री प्रसन्न होते. शेजाऱ्यांचं नुकसान झालं, त्यांच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्याच सरकारला धारेवर धरलं, आणि माणूस एकही मेला नाही. जगात कुणी बोट दाखवायला जागा नाही. "पाणीवाल्या बाईंनी तर आम्हाला तीनशे प्रेतं दाखवली होती," ते म्हणाले, आणि हे त्यांनी इतक्या प्रेमाने म्हटलं की सगळे हसले. बाईंनाही कसनुसं हसावं लागलं. तज्ज्ञ जरा घाबरट असतात, ते त्यांचं कामच आहे, असंही ते म्हणाले. घाट अजून उघडला नव्हता, पण उघडेल. माहिती न देण्याचं धोरण कायमचं करायचा प्रस्ताव संचालकांनी पुढच्या बैठकीपर्यंत तयार करावा, असं ठरलं.

बाई खोलीत येऊन खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांना उमजलं की आपण काय करून बसलो. त्यांनी माणसं वाचवली होती आणि त्याच हाताने प्रयोग नासवला होता. सूचना न देता काय होतं हे पाहायला मंत्री निघाले होते; बाईंनी गुपचूप सूचना दिली, आणि आता मंत्र्यांच्या हातात पुरावा होता की सूचनेवाचून काही बिघडत नाही.

दोन दिवसांनी लाइन तपासताना पलीकडे भलताच आवाज आला. तरुण, अदबशीर. पूर्वीचे साहेब आता इथे नसतात, तो म्हणाला. यापुढे जे काही असेल ते लेखी पाठवावं. तालीम नेमकी त्याच दिवशी का, असा प्रश्न तिकडे कुणाला तरी पडला होता. काकांची चौकशी चालू होती. संशय होता, पुरावा नव्हता.

हे बाईंना संचालकांनीच सांगितलं. ते चौथ्या मजल्यावर स्वतः चालत आले, हे एक नवल. पन्नाशीचे, सावध, कपाळावर कायमच्या दोन आठ्या. बसायला दुसरी खुर्ची नव्हती म्हणून खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभे राहिले. बाईंनी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "हुकमावर सही करतानाच माहीत होतं. लाइन तपासायचा नियम मी काय विसरलो होतो?"



संचालकांनी समजावून सांगितलं, एखाद्या हुशार पण हट्टी पुतणीला सांगावं तसं. मंत्र्यांना रुबाब हवा असतो, तो द्यायचा. वरून हुकूम जोरात काढायचा आणि खाली एखादं माणूस असं ठेवायचं, जे तो मोडेल. कुणी मरत नाही, कुणी हरत नाही. हे खातं असंच चालतं. त्यांच्या आधीच्या संचालकांनीही असंच चालवलं. बाईंनी फक्त तोंड बंद ठेवायचं आणि दर वर्षी तो एक फोन करायचा. "मी बहिरा आहे असं समजा," ते म्हणाले.

"आणि फोन उचलणार कोण?" बाईंनी विचारलं. "काका गेले. तो पोरगा लेखी मागतो."

संचालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली गाड्या लावायच्या जागेवरून दोन चालक भांडत होते. निघेल काहीतरी मार्ग, ते म्हणाले.  बाईंनी म्हटलं की मग आपण मंत्र्यांना खरं सांगूया. शून्य कशामुळे आलं ते कळलं की ते धोरण मागे घेतील. संचालकांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, जशी डॉक्टर शिकलेल्या माणसाच्या गळ्यात ताईत दिसल्यावर टाकतो.

"बाई, तुम्ही बोललात तर त्या म्हाताऱ्यावरचा संशय पक्का होईल. खोलीतली गोष्ट खोलीत राहत नाही. त्याला आत टाकतील."

त्यानंतरचे दिवस बाईंना कठीण गेले. घरी दादा खुशीत होता. नमवलं बघ साल्यांना, म्हणत होता, घाट आता उघडणारच. बाई ताटातला घास चिवडत बसायच्या. एका पारड्यात काका, दुसऱ्यात पुढच्या वर्षीच्या भट्ट्या. एक माणूस आणि तीनशे माणसं. हिशेब स्पष्ट होता, आणि स्पष्ट होता म्हणूनच त्यांना स्वतःची किळस आली. टेबलाच्या त्या टोकाला बसून मंत्र्यांनी याहून वेगळं काय केलं होतं? त्यांच्याही एका पारड्यात घाट होता आणि दुसऱ्यात कुणीतरी परके. काकांना विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, याची बाईंना जवळपास खात्री होती. पण खात्री वाटणं म्हणजे परवानगी मिळणं नव्हे, हेही त्यांना कळत होतं.

शेवटी बैठकीत, प्रस्ताव वाचून झाल्यावर, बाई उभ्या राहिल्या. उभं राहायची पद्धत नव्हती. त्यांनी सांगितलं की सूचना गेली होती, आपण स्वतः दिली होती, भट्ट्या त्यामुळे रिकाम्या झाल्या. शून्य आलं ते सूचना पोचली म्हणून. जे पाहिलं ते सूचना न देण्याचा परिणाम नव्हता. हे धोरण ठेवलं तर पुढच्या पुरात माणसं मरतील.

 विधी सल्लागारांनी मफलर सोडला. संचालक समोरच्या कागदावर एक चौकोन काढत होते आणि त्याच्या आत दुसरा.

मंत्री रागावले नाहीत. ते विचारात पडले होते, आणि बाईंना क्षणभर आशा वाटली, कारण त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काहीतरी समजल्याचे भाव होते.

"म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं," ते सावकाश म्हणाले.

"हो, साहेब."

"तरीच. तरीच ते वाकले नाहीत. मी विचार करत होतो, एवढा मार बसूनही घाट कसा उघडत नाहीत." ते संचालकांकडे वळले. "मग आपण ही गोष्ट अजून करून पाहिलेलीच नाही. बाईंच्याच भाषेत सांगायचं तर प्रयोग झालाच नाही."

"साहेब, माणसं मरतील," बाई म्हणाल्या.

"तुम्ही गेल्या वेळी शून्य म्हणाला होतात," मंत्री सौम्यपणे म्हणाले. "आज माणसं मरतील म्हणताय. एकदा नीट करून पाहू, म्हणजे तुमचंही समाधान होईल." मग त्यांनी लाइन तपासायचा नियम रद्द करायला सांगितलं आणि बाईंना बाहेर जायला.

गाजावाजा झाला नाही. खटला भरला असता तर वर्तमानपत्रांत आलं असतं. बाईंची बदली नकाशांच्या कोठारात झाली. तिथे फोन नव्हता. दादाला कुणीतरी अर्धी गोष्ट सांगितली. तो घरी आला, आईच्या खाटेवर बसला आणि बहिणीकडे न बघता म्हणाला की माझे ट्रक तिथे सडताहेत आणि ही त्यांना फोन करते.  आईने गुडघ्यावरचं पांघरूण नीट केलं आणि तेलाची बाटली स्वतःच घेतली. आठवड्याभरात पलीकडच्या वर्तमानपत्रात बातमी आली: जलखात्यातल्या एका वृद्ध अभियंत्याला परकीयांशी संधान बांधल्याबद्दल अटक. खोलीतली गोष्ट खोलीत राहिली नव्हती.

जागा सोडायच्या दिवशी संचालक पुन्हा वर आले. त्यांना बोलायला जड जात होतं. मी सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. ते म्हणाले, "आधी त्यांना शंका होती की हे हत्यार चालतं का. तुम्ही ती काढून टाकलीत." मग घसा साफ करून त्यांनी सांगितलं की पुराचं गणित तेवढं मागे ठेवून जावं लागेल. पाणी कुठे, केव्हा, किती पोचेल, ते सगळं. मंत्र्यांनी खास मागितलं आहे.

"देणार नाही म्हटलं तर?"

उत्तर बाईंनाच माहीत होतं. त्याच गणितावर आपल्या बाजूच्या गावांना इशारा जात होता. धरण आणि सीमा यांच्या मधल्या पट्ट्यात शेकडो घरं होती, तिथेही खाटा होत्या आणि त्यांवर झोपणाऱ्या म्हाताऱ्या. गणित पुसलं तर आधी ती बुडाली असती.

नवा माणूस आला. चांगला होता, चौकस होता, प्रश्न नेमके विचारत होता. बाईंनी त्याला शेजारी बसवलं आणि एकेक पायरी समजावली: बर्फ किती मोजायचं, ऊन किती धरायचं, दरवाजा उघडल्यापासून पाण्याला वळणावर पोचायला किती वेळ लागतो. एका ठिकाणी त्याने वेळ चुकीची धरली, पाणी भट्ट्यांवर दिवसाउजेडी पोचत होतं. बाईंनी त्याचा हात थांबवला, चूक दाखवली, आणि बरोबर उत्तर येईपर्यंत त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं.